लता, आशा, किशोरीताई... आणि आता कोण?

प्रश्न असा आला आहे: "माझं वय ५४. लताबाई, आशाबाई, माणिक वर्मा आणि किशोरीताई एवढ्यावर माझं आजवरचं ऐकणं झालं. मुलगी बंगळुरूला शिकते. दिवाळीत घरी आली तेव्हा तिने माझ्या फोनमधली गाण्यांची यादी चाळली आणि म्हणाली, 'बाबा, यातली एकही बाई पन्नाशीच्या आतली नाही.' खरंच आहे ते. मला नव्या गायिका ऐकायच्या आहेत. दहा नावं सांगा. फक्त गोंगाट नको."

दहा नावं मी समोरचा चहा निवायच्या आत लिहून देईन. पण हा उद्योग मी पुष्कळ वर्षं केला आहे आणि त्याचं पुढे काय होतं तेही पाहिलं आहे. सांगलीत आमचं कॅसेटचं दुकान होतं. सुरू केलं वडिलांनी. १९९१ पासून मी काउंटरला बसत होते आणि २००८ साली शटर मीच शेवटचं ओढलं. तेव्हापासून महिन्यातल्या एका रविवारी एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही पंचवीस-तीस जण जमतो आणि दोन तास गाणी ऐकतो. काय लावायचं ते बहुतेक वेळा मी ठरवते. म्हणजे "काहीतरी नवीन द्या हो" हे वाक्य मी तीस वर्षं ऐकते आहे.

दुकानाच्या सुरुवातीच्या काळात बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना मी बिलाच्या मागच्या बाजूला बारा नावं लिहून दिली होती. मोठ्या हौसेने. दोन महिन्यांनी ते आले तेव्हा तो कागद त्यांच्या खिशात तसाच, चार घड्या घातलेला. एकही कॅसेट घेतली नव्हती. "कुठून सुरू करायचं तेच कळेना," म्हणाले. चूक त्यांची नव्हती. नुसत्या नावांची यादी लग्नातल्या आहेराच्या वहीसारखी असते. नावं सगळी असतात, माणूस एकही डोळ्यांसमोर येत नाही.

तेव्हा तुमची अडचण नावं माहीत नसण्याची आहे असं मला वाटत नाही. नावं तुमच्या फोनमध्ये पडून आहेत. अडचण अशी की "नवी गायिका" एवढ्यावरून तुम्हाला काय ऐकायचं आहे ते मला कळत नाही, आणि बहुधा तुम्हालाही कळलेलं नाही. आमच्या दुकानात एक फळी होती, तिच्यावर वडिलांनी पाटी लावली होती: "गायिका". बेगम अख्तर, सुमन कल्याणपूर, किशोरीताई आणि उषा उथुप एकमेकींना खेटून उभ्या. का, तर वितरकाच्या यादीत त्या तशा होत्या. त्या फळीवरून कोणी आपणहून कॅसेट उचललेली मला आठवत नाही. पुढे मी ती फळी मोडली आणि लोक कधी ऐकतात त्यानुसार लावली: सकाळी, स्वयंपाक करताना, गाडीत, रात्री दिवा मालवल्यावर. विक्रीचा हिशेब काही मी ठेवला नाही, पण लोक फळीसमोर थांबायला लागले एवढं खरं.

बाईने गायलं की त्याची जात एक होते असं नाही. तरीही तुम्ही मुद्दाम गायिकाच विचारल्यात हे बरं केलंत. फोनमधलं यंत्र तुम्ही काल जे ऐकलं त्याच्याच आसपास घुटमळतं. त्याला तुम्ही चार लताबाई दिल्यात तर ते पाचवी लताबाईच काढून देतं. मुद्दाम वळल्याशिवाय तिशीतली, स्वतः लिहिणारी, स्वतः चाल बांधणारी, स्वतः ध्वनिमुद्रण करणारी बाई तुमच्यासमोर येणार नाही.

आणखी एक गोष्ट आधीच मोकळी करते. "नवी" याचे तीन अर्थ मी धरते. वयाने नवी, लोकांपर्यंत आता पोचलेली, आणि जगाला ठाऊक असून तुमच्या कानावर न आलेली. पुढे जी नावं येतील त्यातल्या एकीला ग्रॅमी मिळालं आहे आणि काही साठीच्या पुढच्या आहेत. त्यावर तक्रार नको.

आता गोंगाटाचं. तुम्ही ज्याला गोंगाट म्हणता तो पुष्कळदा मोठा आवाज नसतोच. तुमच्या कानाला गाणारीचा आवाज सगळ्यांच्या पुढे असण्याची सवय आहे. पन्नास-साठच्या दशकात सिनेमाचं गाणं अख्ख्या वाद्यवृंदासह एका बैठकीत मुद्रित व्हायचं. ते लहानशा रेडिओवर आणि थेटरात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न शब्द पोचायला हवं, म्हणून गायिकेचा आवाज वर ठेवत आणि वाद्यं तिच्यामागे अदबीने उभी राहत. आजच्या बऱ्याच मुली स्वतःचा आवाज वाद्यांच्या मध्ये ठेवतात, कधी मुद्दाम अर्धा बुडवतात, कारण त्यांचा श्रोता कानात इअरफोन घालून बसलेला असतो. तेच गाणं तुम्ही फोनच्या स्पीकरवर ऐकलंत तर खालचे स्वर गळून जातात, वर फक्त टकटक उरते, आणि तुम्ही म्हणता गोंगाट. म्हणून अट एकच घालते. बरे इअरफोन घ्या. महागडे नकोत, पण वायरचे किंवा कानात नीट बसणारे हवेत. फोन टेबलावर उताणा ठेवून नवीन काही ऐकू नका.

याचा धडा मी स्वतः घेतला आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये आरूज आफताबला ग्रॅमी मिळालं. हा मान मिळवणारी ती पहिली पाकिस्तानी कलाकार. लाहोरमध्ये वाढली, अमेरिकेत बर्कली संगीत महाविद्यालयात शिकली, न्यूयॉर्कमध्ये राहते. पुरस्कार ज्या गाण्याला मिळाला ती हफीज होशियारपुरींची गझल. मेहदी हसन यांच्या आवाजात आपल्याकडेही घरोघर पोचलेली. मला वाटलं, मंडळींना ही लगेच भिडेल. मे महिन्याच्या बैठकीत लावली. सांगलीतला मे. वर दोन पंखे पूर्ण जोरात, खाली माझा छोटा स्पीकर. थोडा वेळ गेला आणि एक काका म्हणाले, "ताई, ही गाणं सुरू कधी करणार?"

ती गातच होती.

माझ्या दोन चुका झाल्या होत्या. पहिली पंख्याची. आरूजचा आवाज खालचा, श्वासाला लागून येणारा, आणि बाजूला गिटार-हार्पची बारीक छेड. ती सगळी पंख्याने गिळली. दुसरी चूक जास्त मोठी. लावण्याआधी मी सांगून टाकलं होतं, "ही मेहदी हसन साहेबांची गझल." झालं. सगळे मेहदी हसन यांची वाट बघत बसले. ज्या जागेवर त्यांची मुरकी यायची तिथे ती येईना, की चेहरे उतरत होते.

जूनमध्ये पाऊस लागला, पंखे बंद झाले. मोठे स्पीकर मागून आणले आणि काही न बोलता त्याच 'व्हल्चर प्रिन्स' अल्बममधलं दुसरं गाणं लावलं. २०२१ चा हा अल्बम, धाकटा भाऊ गेल्यानंतर तिने त्याच्या आठवणीला वाहिलेला. हेही मी आधी सांगितलं नाही. संपल्यावर तेच काका म्हणाले, "ते तारांचं वाद्य कुठलं हो? संतूर नाही ते." मी सांगितलं, हार्प, मेव्ह गिलख्रिस्ट नावाची बाई वाजवते. आपण ज्या दारावर धक्के मारत होतो त्याच्या शेजारच्या खिडकीतून काका आत गेले होते.

म्हणून तुम्हाला माझा पहिला उलट प्रश्न: किशोरीताईंचं तुम्हाला नेमकं काय आवडतं? "सगळंच" हे उत्तर चालणार नाही. एका स्वरावर त्या थांबतात, पुढचा स्वर येईल की नाही असं वाटायला लावतात, ती जागा आवडत असेल तर आरूज तुमची आहे. पण ती रागदारीची गायिका नाही हे मनाशी पक्कं करून बसा. तिच्याकडे राग मांडला जात नाही, एक वातावरण धरून ठेवलं जातं. तानेची वाट बघाल तर काकांसारखं होईल.

आणि आरूज आवडली तर पुढचं नाव मला विचारू नका, तिच्या पाठीमागे कोण उभं आहे ते बघा. दुकानात मी हेच करायचे. कॅसेटचं आतलं कव्हर उलगडून बारीक अक्षरातली नावं वाचायचे: सारंगीवर कोण, संयोजन कुणाचं. आता तीच नावं गाण्याशेजारच्या तीन टिंबांमागे 'क्रेडिट्स'मध्ये लपलेली असतात. तिथून किती लांब जाता येतं बघा. २०२४ मध्ये शेहेरजाद नावाच्या एका अमेरिकेत वाढलेल्या मुलीचा 'कस्र' हा छोटा अल्बम आला. हिंदी-उर्दूत गाते, पण उच्चारात दोन देशांमधली धूळ बसली आहे आणि ती पुसायचा तिने प्रयत्न केलेला नाही. मला आधी ते खटकलं, मग तेच आवडलं. त्याची निर्माती कोण? आरूज. दुसरी वाट: २०२३ मध्ये आरूजने जॅझ पियानोवादक विजय अय्यर आणि शहजाद इस्माइली यांच्यासोबत 'लव्ह इन एक्झाइल' केला. आणि हेच विजय अय्यर पुढच्या वर्षी गणव्याच्या 'डॉटर ऑफ अ टेंपल'मध्ये भेटतात.

गणव्या न्यूयॉर्कमध्ये जन्मली, तामिळनाडूत वाढली, हरिकथेच्या परंपरेतून आली. हा अल्बम म्हणजे ह्यूस्टनमध्ये तीसहून अधिक कलाकारांना एकत्र बसवून केलेली एक प्रकारची पूजाच. त्यामागची प्रेरणा अॅलिस कोल्ट्रेन. जॅझ वाजवता वाजवता कॅलिफोर्नियात आश्रम थाटून भजनं गाणारी बाई. तुमच्या घरी एकादशीला भजन होत असेल, आणि त्यातली चाल संपल्यानंतरही चालू राहणारी गुणगुण तुम्हाला भावत असेल, तर गणव्या लावा. नसेल तर दहा मिनिटांत कंटाळाल, आणि त्यात काही गैर नाही.

आशाबाईंच्या वाटेने येणाऱ्यांना मी इथे आणतच नाही. आशाबाईंचा कान वेगळा असतो. शब्दाला चिमटा काढणं, लयीला खोडी करणं, गाता गाता मध्येच हसणं यासाठी जीव टाकणारा. तुम्ही त्यातले असाल तर अदिती रमेश. मुंबईत राहते, वकिली सोडून गाण्यात आली. लहानपणी कर्नाटक संगीत शिकलेली, वर जॅझ आणि ब्लूज. २०१७ चा तिचा 'ऑटोकरेक्ट' हा छोटा संच इंग्रजीत आहे, पण त्यातली चेष्टा कळायला इंग्रजी फार लागत नाही. पुढे तिने बायकांचा एक बँडही उभा केला, नाव 'लेडीज कम्पार्टमेंट'. लोकलने प्रवास केलेल्या कोणालाही त्या नावातच अर्धं गाणं ऐकू येईल.

त्याच वाटेवर एक गंमत आहे. रवीना ही भारतीय वंशाची अमेरिकन गायिका. २०२२ मध्ये तिचा 'आशाज अवेकनिंग' आला. आपण नाव वाचून लगेच आशाबाईंकडे वळतो. पण त्यात जी आशा प्रत्यक्ष गाते ती आशा पुथली. मुंबईत जन्मलेली, शास्त्रीय शिकलेली, अमेरिकेत गेलेली आणि १९७२ मध्ये ऑर्नेट कोलमनसारख्या जॅझमधल्या बंडखोराच्या 'सायन्स फिक्शन' अल्बमवर गायलेली. आमच्या दुकानात सतरा वर्षांत तिची एकही कॅसेट आली नाही. वितरकाने कधी नावही काढलं नाही. म्हणजे एका तरुण मुलीच्या मागे लागून मी सत्तरी ओलांडलेल्या मुंबईच्या बाईपाशी पोचले, जी मला विशीतच भेटायला हवी होती. माझ्या लेखी त्या वर्षीची सगळ्यांत नवी गायिका तीच.

माणिक वर्मांचं भावगीत हीच तुमची खरी जागा असेल तर फार लांब जायला नको. प्रियांका बर्वे ऐका. भावगीत गायिका मालती पांडे-बर्वे यांची ही नात. फिरोज अब्बास खान यांच्या 'मुघल-ए-आझम' नाटकात तिने अनारकली केली, रंगमंचावर प्रत्यक्ष गाऊन. आजीची आठवण येईल म्हणून ऐकू नका. शब्द स्वच्छ, पण आजचा. सावनी रवींद्रचं 'बार्डो' या मराठी सिनेमातलं गाणंही ऐका, त्यासाठी तिला ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मान मिळाला. ही नावं तुम्हाला ठाऊक असण्याची शक्यता आहे, म्हणून इथे रेंगाळत नाही.

रागदारीत नव्या मुलींची रांग एवढी मोठी आहे की नावं सांगायची तर वेगळं बसावं लागेल. शिवाय रागदारीच्या बाबतीत रेकॉर्डवरून शिफारस करणं मला पटत नाही. गजाननबुवा जोशींच्या नाती अपूर्वा गोखले आणि पल्लवी जोशी जोडीने ग्वाल्हेरचा ख्याल गातात, तो समोर बसून ऐकायचा. एक मात्र सुचवते. गळ्यावरून थोडं हाताकडे या. सावनी तळवलकर आणि मुक्ता रास्ते या दोघी तबला वाजवतात. एन. राजम यांच्या नाती रागिणी आणि नंदिनी शंकर व्हायोलिन वाजवतात, गायकी अंगाने, म्हणजे तुमच्या ओळखीचीच भाषा. बाई म्हणजे गायिका, हे आपण कधी ठरवून टाकलं कोण जाणे. तबल्यावर बाई बसली की पहिली पाच मिनिटं लोक ऐकत नाहीत, बघतात. रेकॉर्डचा हा एक फायदा आहे, तिथे बघता येत नाही.

आता ज्या भागाबद्दल मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे तो. तुम्ही "गोंगाट नको" लिहिलंत, आणि माझा अंदाज असा की तुम्ही रॅपबद्दल ते लिहिलंत. अंदाज चुकला असेल तर माफ करा. पण आमच्या बैठकीतल्या तुमच्या वयाच्या दहापैकी आठ जणांचा रोख तोच असतो.

त्यांना मी थेट रॅप लावत नाही. आधी कडूबाई खरात लावते. छत्रपती संभाजीनगरच्या. हातात एकतारी, दारोदार भीमगीतं गाऊन पोट भरलेली बाई. मोबाइलवरच्या एका व्हिडिओतून त्यांचा आवाज महाराष्ट्रभर गेला, तेव्हा त्या तरुण नव्हत्या. भाकरीवर बाबासाहेबांची सही आहे असं ठणकावून सांगणारं त्यांचं गाणं तुम्ही कुठेतरी ऐकलंच असेल, निदान एप्रिलमध्ये चौकातून जाताना. ते आता इअरफोन लावून, शांत बसून ऐका. एकतारीचा एकच सूर मागे, आणि पुढे बोलण्याच्या आणि गाण्याच्या बरोबर सीमेवर चालणारा आवाज. कुठे शब्द ओढायचा, कुठे टाकून द्यायचा, कुठे समोरच्याच्या डोळ्यांत बघून थांबायचं, हे त्यांना कोणत्या वर्गात शिकवलं नाही. आमच्याकडे पहिल्यांदा लावलं तेव्हा एक बाई म्हणाल्या, "सूर जरा हलतो." हलतो. बोलणाऱ्या माणसाचा हलतोच.

केरळच्या नंजियम्मांच्या वाट्यालाही असंच आलं. अट्टप्पाडीच्या इरुला आदिवासी. एका मल्याळम सिनेमात आपल्या भाषेतलं गाणं गायल्या आणि २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ६८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्या सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिका ठरल्या. त्यावर एका संगीतकाराने नाक मुरडलं: हिला सुरात गाता येतं का, महिनाभराची तयारी देऊन साधं गाणं गाता येईल का. मला तो वाद ऐकून आमचे काका आठवले, "गाणं सुरू कधी करणार" वाले. कुठलं गाणं, हे आधीच ठरवून बसलं की समोरचं ऐकू येत नाही.

कडूबाई कानात बसल्या की मग माही जी. खरं नाव मधुरा घाणे, महादेव कोळी समाजातली मुलगी. मराठी-हिंदीतून रॅप करते. जंगल, पाणी, आदिवासींची जमीन हे तिचे विषय. कडूबाईंनंतर लगेच लावलंत तर तुम्हाला जाणवेल की ठेका बदलला आहे, काम तेच आहे. चौकात उभं राहून सांगायचं. मग कल्याणची डी एमसी, हिंदी-इंग्रजी मिसळून बोलणारी, मुंबईच्या रॅपमध्ये मुलींना कोणी विचारत नव्हतं तेव्हापासून टिकून असलेली. २०१८ मध्ये एमटीव्हीच्या युरोपातल्या पुरस्कारांत भारतासाठीचा मान मिळवलेली मेघालयची मेबा ओफिलिया त्यानंतर, कारण तिच्यात रॅप आणि मऊ गाणं दोन्ही आहे. आणि मग तुमच्या मुलीला नक्की ठाऊक असलेलं २०२१ चं 'एंजॉय एंजामी', धी आणि अरिवू यांचं. तमिळ कळत नसलं तरी चालेल. अरिवूच्या आजीच्या आठवणींतून, चहाच्या मळ्यांत राबलेल्या भूमिहीन माणसांतून ते आलं आहे. मेल्या माणसासाठी गायच्या ओप्पारी या विलापाचा धागा त्या नाचऱ्या ठेक्यात विणलेला आहे. धी अगदी सहज गाते आणि त्याच सहजपणाने काटा येतो. इथेही क्रेडिट्स वाचा. शब्द कोणाचे, संगीत कोणाचं, आवाज कोणाचा. दिसायला एक चेहरा पुढे असतो, गाणं तिघांचं असतं.

हे मी एवढ्या क्रमाने सांगते आहे कारण क्रमच शिफारस असते. माही जी आधी लावली असती तर तुम्ही अर्ध्या मिनिटात बंद केलं असतं, आणि दोष तिचा ठरला असता.

मग प्रत्यक्षात काय करायचं? एका आठवड्यात एक गाणं. पहिल्यांदा भांडी लावताना वगैरे, नुसतं कानावरून जाऊ दे. दुसऱ्यांदा रात्री, इअरफोन, डोळे मिटून. तिसऱ्यांदा दुसऱ्या दिवशी सकाळी. मत तिसऱ्यांदा ऐकल्यावरच द्यायचं. पहिल्या वेळी आपण गाणं ऐकत नाही, आपल्या सवयीशी जुळवून बघतो. दुसऱ्या वेळी चीड कमी होते. तिसऱ्या वेळीही नाही आवडलं, तर नाही आवडलं. मला गणव्याचा एक अख्खा अल्बम अजून उलगडलेला नाही. दरवर्षी एकदा लावून बघते.

यात तुमच्या परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे हे मान्य. मुंबई-ठाण्याकडे असाल तर कल्याण गायन समाज, दादर-माटुंगा कल्चरल सेंटर यांच्या बैठका गाठा. मोठ्या महोत्सवात तुम्हाला मोठीच नावं भेटतील. सांगलीसारख्या ठिकाणी असाल तर फोनच आधार. ध्वनिमुद्रणाचं वेड असेल तर प्रिया दर्शिनीचा २०२० चा 'पेरिफरी' ऐका. मुंबईत वाढलेली, न्यूयॉर्कमध्ये राहणारी. ब्रुकलिनमधल्या एका जुन्या चर्चमध्ये एकाच मायक्रोफोनभोवती सगळ्यांना उभं करून मुद्रित केला आहे. तुमच्या जुन्या रेकॉर्डिंगची सवय असलेल्या कानाला तिथे फार परकं वाटणार नाही, कारण आवाज पुन्हा पुढे आला आहे. खरं तर गोंगाटाची फार धास्ती असेल तर सुरुवात इथूनच करा, आरूजच्याही आधी.

पैशांबद्दल दोन शब्द, कारण दुकानदाराची जीभ गप्प बसत नाही. लताबाईंची कॅसेट तुम्ही न घेतल्याने त्यांचं काही अडलं नसतं. या मुलींचं अडतं. स्पॉटिफायवर २०२४ पासून नियम असा आहे की एखादं गाणं वर्षभरात हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर ध्वनिमुद्रणाचा मोबदला शून्य. नव्या मुलीची कित्येक गाणी त्या हजाराच्या खालीच राहतात. म्हणून आवडली तर बँडकॅम्प या कलाकारांकडून गाणी विकत घेण्याच्या संकेतस्थळावर तिचा अल्बम असेल तर तो विकत घ्या. तिथे 'बँडकॅम्प फ्रायडे' नावाचे काही शुक्रवार असतात, मार्च २०२० पासून सुरू झालेले. त्या दिवशी कंपनी आपला वाटा सोडते. बँडकॅम्पवर नसेल तर तिच्या कार्यक्रमाचं तिकीट काढा. फुकटचा पास मागू नका. हे मी कॅसेट उधार नेणाऱ्यांना सांगून सांगून थकले होते.

आणि मुलगी. तिला "तुमचं ते काय असतं, समजावून सांग" असं विचारू नका, मुलं पळतात. आठवड्याला एक गाणं ती पाठवेल, एक तुम्ही पाठवा. सोबत एका ओळीपेक्षा जास्त लिहायचं नाही. तुम्ही तिला आशाबाईंचं एखादं खट्याळ गाणं पाठवलंत आणि तिने उलट अदिती रमेश पाठवली, तर माझी गरज संपली असं समजा.

आता तुमच्याकडून मला एक हवं आहे. 'पेरिफरी' किंवा आरूज, दोन्हींपैकी एक या आठवड्यात तीनदा ऐका आणि कळवा. आवडलं की नाही ते नको. कोणत्या मिनिटाला बंद करावंसं वाटलं, आणि बंद केलं नसेल तर का नाही, एवढंच लिहा. पुढचं नाव मी त्यावरून सांगेन.